तांब्याचं पाणी धरलंस का?

ॲल्वचर्च, बर्मिंगहॅमजवळ
रविवार, २ मार्च २००८

तीर्थरूप बाबांस,

रवीचा साष्टांग नमस्कार. मी इथे खुशाल आहे. साउथहॅम्प्टनला तुम्ही आणि आई बरे असाल. थंडी अजून हटत नाही, पण कनालवरचा पातळ बर्फ आता सकाळी नऊपर्यंत विरघळतो. आईने पाठवलेली लसणाची चटणी पोचली. डबा फुटला नाही, तिला सांगा.

गेलं दीड वर्ष मी आईच्या नावाने लिहितो आणि खाली "बाबांना नमस्कार" घालतो. आजचं पत्र मुद्दाम तुमच्या नावाने आहे. शब्दकोश शेजारी उघडा ठेवला आहे. सहावीपर्यंत मिरजेत शिकलो, उरलेलं इथे, आणि पूर्ण कुठेच नाही. त्यामुळे एखादी चूक राहिली असेल तर ती आळसाने राहिलेली नाही एवढं समजा.

बातमी अशी आहे की बोटींच्या यार्डात पहिल्यांदाच एक अख्खं काम माझ्या एकट्याच्या हाती आलं आहे. आतापर्यंत मी दुसऱ्याने आखलेल्या रेषेवर कापत होतो. सोमवारी कीथ, म्हणजे यार्डाचा मालक, चहाचा मग घेऊन आला आणि म्हणाला, "द लू इज यॉर्स, रॅव." एका नव्या बोटीचा संडास कोणत्या पद्धतीचा बसवायचा, कुठे, कसा, हे सगळं मी ठरवायचं आणि मीच बसवायचं.

हसलात तरी चालेल. आई फोनवर मला सांगेलच.

पण काम वाटतं तेवढं लहान नाही. बोट सत्तावन्न फूट लांब आणि रुंदीला सात फुटांहून कमी. एस.टी.च्या दोन गाड्या एकामागे एक जोडून दोन्ही बाजूंनी दाबाव्यात, तशी. त्यात स्वयंपाकघर, पलंग, शेगडी, मोरी, सगळं. आणि बोटीला गटार नसतं. घरात साखळी ओढली की विषय संपतो, बोटीत तो तिथे सुरू होतो. जे केलं ते रिकामं करेपर्यंत आपल्यासोबतच प्रवास करतं. म्हणून इथे दोन बोटवाले भेटले की हवामानाच्या आधी टॉयलेटवर बोलतात, आणि भांडतातसुद्धा.

बोटीचे मालक आपलेच आहेत. शशिकांतकाका आणि सुनीतीकाकू, वॉटफर्डचे, मूळ पुण्याचे. काका बसच्या डेपोत इंजिनिअर होते. रिटायर झाले आणि वर्षातले आठ महिने पाण्यावर राहायचं ठरवलं. काकूंनी ठरवलं नाही, त्यांना ठरलेलं कळवलं गेलं. बोटीचं नाव काकांनी 'सुनीती' ठेवलं आहे. त्यावर काकू म्हणाल्या, "नाव माझं आणि शेपटाला संडास. चांगला मान दिलात हो!"

तीन पद्धती मी त्यांच्यापुढे ठेवल्या. पंप-आउट म्हणजे पलंगाखाली मोठी टाकी, भरली की बोट मरीनाच्या धक्क्याला नेऊन नळीने उपसून घ्यायची. ती काकूंनी एका वाक्यात बाद केली. "त्याच्यावर झोपायचं आणि उशाशी माझे देव?" कंपोस्टच्या पद्धतीत भुसा टाकत राहायचं, काही महिन्यांनी खत होतं. काका म्हणाले, "मी बोट घेतली आहे, वाफा नाही." राहिली कॅसेट. बसायच्या भांड्याखाली वीस लिटरचा चपटा डबा असतो, सुटकेससारखा. भरत आला की लाल दिवा लागतो. डबा ओढून काढायचा आणि काठाने एल्सनवर न्यायचा. एल्सन म्हणजे डबे ओतून धुवायची मोरी, कनालवर काही काही मैलांनी असते.

कॅटलॉगमध्ये लिहिलं आहे की दोन माणसांना एक डबा तीन दिवस पुरतो. मी ते तीन वेळा वाचलं आणि कॅसेट ठरवली. काकांना तसं सांगितलंही. काका म्हणाले, "तीन दिवस नक्की?" मी म्हणालो, नक्की.

तरी मला खात्री केल्याशिवाय झोप येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या कामात हे रोजच येतं, म्हणून विचारतो. एका माणसाचं दिवसाला साधारण किती होतं? सवडीने कळवा. नाही कळवलंत तरी काम अडणार नाही.

काका तुमची चौकशी करत होते. मी म्हणालो, हॉस्पिटलमध्ये असतात, कामात असतात. एवढंच.

ईस्टरला बोट पाण्यात जाईल. आईला नमस्कार.

आपला आज्ञाधारक
(हा शब्द लिहिताना थांबलो होतो, पण दुसरा सापडला नाही)
रवी


ॲल्वचर्च
रविवार, ३० मार्च २००८

तीर्थरूप बाबांस,

साष्टांग नमस्कार.

तुमची चिठ्ठी मला मिळाली होती. अकरा मार्चला, चकलीच्या पाकिटात. हे सगळ्यात आधी लिहितो, कारण खाली खाली गेलं की ते लिहायचं धैर्य राहणार नाही. चिठ्ठी वेळेत मिळाली होती. बोट पाण्यात जायच्या दहा दिवस आधी.

दीड वर्षानंतर तुमचं अक्षर पाहिलं. औषधाच्या पॅडच्या मागच्या बाजूला एकच ओळ. "तांब्याचं पाणी धरलंस का?" वर नाव नाही, खाली सही नाही. मी ती दोन्ही बाजूंनी पाहिली, घडी केली आणि हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवून दिली.

आता काय झालं ते सांगतो.

गुड फ्रायडेला काका-काकू चाचणीच्या फेरीला बोट घेऊन निघाले. दुसरा डबा, जो जादा म्हणून जवळ ठेवायचा, तो मी मागवला होता पण आला नव्हता. मी काकांना म्हणालो, तीन दिवस आहेत, तुम्ही सोमवारी परत येणार, मधे एकदा एल्सनला ओतलं की झालं. शनिवारी दुपारी लाल दिवा लागला. पुढचा एल्सन नऊ मैलांवर, बोटीचा वेग ताशी तीन मैल, समोरून बर्फाचा भुगा येतो आहे, आणि काकूंचा गुडघा मागच्या वर्षी बदललेला. जवळ एक पब होता. तिथे दारावर पाटी, टॉयलेट फक्त गिऱ्हाइकांसाठी. मग काकांनी सूप मागवलं.

परत आल्यावर काकू फळीवरून उतरल्या त्या सरळ माझ्यासमोर.

"चार वेळा सूप प्यायलो आम्ही तुझ्या डब्यापायी. चार वेळा! सूप प्यायचं म्हणजे परत जायचं, परत जायचं म्हणजे परत सूप. ईस्टरभर मी त्या पबात लीक आणि बटाटा पीत बसले होते."

"काकू, कॅटलॉगमध्ये तीन दिवस..."

"कॅटलॉग गोऱ्याने लिहिलाय रे, कागदाने पुसणाऱ्याने. तू मराठी ना? मग तांब्या कसा विसरलास?"

काका मागून म्हणाले, "अगं, हळू. सगळ्या यार्डाला तांब्या कळायला नको."

"कळू दे! कळला असता तर ही वेळ आली नसती."

बाबा, मी विसरलो म्हणालो. ते खरं नव्हतं. मला कुणी विसरू दिलंच नव्हतं. पेटीच्या तळाशी तुमचं वाक्य होतं.

कीथ ओरडला नाही. त्याने काकांची माफी मागितली आणि मला म्हणाला, "वन मोअर गो, रॅव." दुसऱ्यांदा चुकलं तर आखणीची कामं माझ्याकडून जातील आणि मी परत दुसऱ्याच्या रेषेवर. सहा आठवडे दिले आहेत.

चिठ्ठी का वाचली नाही ते आता लिहितो. वाचली होती, मानली नाही. वाचल्यावर माझ्या मनात जे आलं ते असं, की हे वॉर्डातलं बोलणं आहे, यात इंजिनिअरिंग कुठे आहे. कॅटलॉग छापील होता आणि तुमची ओळ पेनाने लिहिलेली होती. मी छापील धरलं.

आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही, हे तुम्हाला माझ्याआधी कळलं असेल.

मी तेरा वर्षांचा होतो. शाळेत पेरेंट्स इव्हिनिंग होती. तुम्ही ड्यूटीवरून तसेच आला होतात, युनिफॉर्मवर स्वेटर घालून. गणिताच्या बाई उठून उभ्या राहिल्या, हात पुढे केला आणि म्हणाल्या, "डॉक्टर आवळे!" शाळेत मी तसंच सांगून ठेवलं होतं. तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलंत. मग त्यांना म्हणालात, "नर्स. मेल नर्स. थर्ड फ्लोअर." आणि बसून माझ्या मार्कांविषयी विचारायला लागलात.

बसस्टॉपवर मी वाट पाहत होतो की तुम्ही काहीतरी बोलाल. तुम्ही विचारलंत, भूक लागली का. चिप्स घेऊन दिल्यात. व्हिनेगर जास्त झालं होतं. ते मी सगळं खाल्लं, कारण काही बोलायला तोंड रिकामं नको होतं.

त्यानंतर कॉलेज सोडलं तेव्हाचं भांडण झालं. तुम्ही म्हणालात, "माझ्या बापानं दवाखान्यातले मैल्याचे डबे उचलले. मी भांडी उचलतो. तिसऱ्या पिढीनंही डबाच उचलायचा होता तर एवढा समुद्र कशाला ओलांडला?" मी बॅग भरली. इतके दिवस मी सगळ्यांना सांगतो की त्या वाक्यामुळे मी घर सोडलं. ते सोयीचं आहे. त्यात चूक तुमची ठरते. चिप्सच्या दिवसाचा उल्लेख मी कधी करत नाही.

अजून एक राहिलं आहे. हे लिहिण्यासाठी उठून चहा करून आलो.

मागच्या पत्रात लिहिलं होतं की काका तुमची चौकशी करत होते, आणि मी "कामात असतात" एवढंच सांगितलं. एवढंच नव्हतं सांगितलं. काकांनी विचारलं, बाबा काय करतात? मी म्हणालो, साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहेत. वयाच्या एकविसाव्या वर्षी. कुणी भाग पाडलं नव्हतं, बाई समोर नव्हत्या, वर्गातली पोरं नव्हती. तोंडातून आपोआप निघालं, इतकी सवय आहे. आता काकू म्हणतात, बोट पूर्ण झाली की डॉक्टरांना जेवायला बोलाव, त्यांना गुडघा दाखवते.

म्हणजे तुम्हाला बोलवायचं तर खोटं उघडं पडणार, आणि न बोलवावं तर ते कायम राहणार.

माफी मागतो असं लिहून दोनदा खोडलं. एका ओळीत बसत नाही. तूर्त कामाचं विचारतो, आणि या वेळी खरंच विचारतो. तांब्याचं पाणी किती धरायचं? काकूंचा तांब्या स्टीलचा आहे, मी मापाच्या जगने मोजला, एक लिटर शंभर मिली. गुडघ्याच्या माणसाला किती उंच बसायला लागतं? कॅटलॉगमध्ये नाही ते सगळं सांगा.

आईला यातलं जेवढं सांगायचं तेवढं तुम्ही ठरवा.

रवी


ॲल्वचर्च
रविवार, ४ मे २००८

तीर्थरूप बाबांस,

साष्टांग नमस्कार. आज इथे ऊन आहे. बदकांना पिलं झाली आहेत, नऊ. रोज मोजतो.

तुमचा कागद दहा एप्रिलला आला. पाकीट उघडलं तेव्हा मी कटर चालवत होतो. वॉर्डातला फ्लुइड बॅलन्स चार्ट, तुमच्या अक्षरात कडेपर्यंत भरलेला. रुग्णाचं नाव या जागी तुम्ही 'बोट' लिहिलं होतं. ते वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो, आणि कीथ काय झालं म्हणून बघायला आला.

मी त्याला सगळा चार्ट समजावून सांगितला. लघवी दीड लिटर, सहा वेळा. शौच एकदा. दर वेळी फ्लशचं पाव लिटर. सकाळचा एक तांब्या भरून, बाकी दिवसभरात मिळून आणखी एक. माणशी पावणेसहा लिटर, दोघांचे बारा धरायचे. म्हणजे वीस लिटरचा डबा दोन दिवससुद्धा पुरत नाही. कीथ चाळीस वर्षं बोटी बांधतो आहे. तो खूप वेळ कागद बघत राहिला आणि म्हणाला, "नोबडीज एव्हर शोन मी धिस." मग विचारलं, "हूज द बॉफिन?" बॉफिन म्हणजे डोकेबाज माणूस, प्रयोगशाळेतला वगैरे.

मी म्हणालो, "माय डॅड. ही इज अ नर्स."

लिहायला सोपं आहे. तेव्हा कान तापले होते. पण म्हणालो.

चार्टच्या खाली तुम्ही जे लिहिलं होतं त्यावर खरं काम झालं. "काकांचं वय किती? भरलेला डबा बावीस किलो. ओल्या फळीवरून न्यायला लावू नकोस. कुणालाच उचलायला लागू नये असं कर." मी कटरचा प्लग काढला आणि डब्याची कल्पनाच टाकून दिली. अडीच आठवडे मी डबा मोठा कसा करता येईल याची चित्रं काढत होतो. तो उचलणार कोण, हे माझ्या एकाही चित्रात नव्हतं.

"तू उचलायचा नाहीस" असं तुम्ही लहानपणापासून म्हणत आलात. मला वाटायचं तुम्हाला कामाची लाज वाटते. लाज मला वाटत होती, बाबा. तुम्हाला फक्त वजन माहीत होतं. आजोबांच्या खांद्याचंही.

आता काय बसवलं ते सांगतो, कारण हे सांगायला मी पहिल्या ओळीपासून थांबलो आहे. पंप-आउटच बसवलं, पण पलंगाखाली नाही. टाकी दोनशे ऐंशी लिटरची, स्टेनलेस स्टीलची, मागच्या दाराच्या पायऱ्यांखाली आडवी. तिथे कुणी झोपत नाही आणि काकूंचे देव पुढच्या टोकाला, त्रेचाळीस फुटांवर. मी टेप लावून दाखवले. टाकी भरली की मागची बाजू जड होणार, म्हणून बोटीच्या तळाशी वजनासाठी ज्या विटा घालतात, त्यातल्या एकशे बारा विटा काढून पुढे नेल्या. वास राहू नये म्हणून टाकीला दोन्ही बाजूंना हवेच्या नळ्या दिल्या, एकीतून आत, दुसरीतून बाहेर. दोघांना तेवीस दिवस पुरते. मी काकांना वीस सांगितले. या वेळी तीन दिवस हातचे ठेवले.

हँडशॉवर लावू का विचारलं, तर काकू म्हणाल्या, "पिचकारी नको. तांब्याला तांब्याच पाहिजे." म्हणून भिंतीत छोटा नळ, त्याखाली तांब्या ठेवायला कडं. तुम्ही लिहिल्याप्रमाणे तांब्या उजव्या हाताला, धरायचा दांडा डाव्या हाताला. कॅटलॉगच्या चित्रात बरोबर उलटं होतं. दांडा लाकडी तक्त्यात न बसवता आतल्या लोखंडी पट्टीला चार बोल्टनी आवळला आहे. मी स्वतः त्याला लोंबकळून बघितलं, मग कीथ लोंबकळला, त्याचं वजन शंभर किलो आहे. बैठक अठरा इंच.

मग परीक्षा. काकूंचा तांब्या उसना आणला आणि मोजून भरत, ओतत, फ्लश करत बसलो. एकूण एकशे वीस लिटर, म्हणजे दहा दिवसांचं, एका सकाळी. यार्डातली माणसं येऊन बघून जात होती. एक जण म्हणाला, "इज दॅट रिलिजस?" कीथ म्हणाला, "नो, दॅट्स टेस्टिंग." टाकीच्या बाहेर थेंब नाही. काटा बरोबर जिथे यायला हवा तिथे आला. पुन्हा पाहिला, तरी तिथेच.

काका-काकू गेल्या शनिवारी आले. काकूंनी कपड्यानिशी, दार उघडं ठेवून, बैठकीवर बसून बघितलं. दांड्याला धरून उठल्या. परत बसल्या.

"हे अठरा इंच तुला कुणी सांगितलं रे?"

"बाबांनी."

"डॉक्टरांनी? वाटलं नव्हतं. डॉक्टरांना हे सुचत नाही."

मी दारात उभा होतो. काकूंना बाहेर यायचं तर मला हलायला हवं होतं आणि मी हललो नाही.

"काकू, ते डॉक्टर नाहीत. नर्स आहेत. मी खोटं सांगितलं होतं."

संडासात बसलेल्या माणसाला आपण आपलं खोटं सांगतो आहोत हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

"माझा गुडघा बदलला ना," त्या म्हणाल्या, "तो सर्जन मला दोनदा दिसला. एकदा आधी, एकदा नंतर, आणि दोन्ही वेळा घड्याळ बघत होता. पाच दिवस मला उठवलं, बसवलं, भांडं दिलं ते नर्सने. नीना नाव होतं तिचं. अजून दिवाळीला कार्ड पाठवते मी तिला. सर्जनचं नाव विचार, आठवत नाही." मग दांड्याला धरून उठल्या आणि माझ्या जॅकेटची वर आलेली कॉलर खाली केली. "बापाला नर्सचा डॉक्टर केलंस. बढती दिलीस, की उतरवलंस रे?"

बाहेरून काकांचा आवाज आला. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं, सात फुटांच्या बोटीत कुणाला काय ऐकू जाणार नाही.

"नर्स आहेत का? मग वेळेवर येतील. जेवण साडेबाराला ठेवू."

तर बाबा, रविवार पंचवीस मे. तुम्हाला त्या दिवशी सुट्टी आहे, हे मी आईकडून काढून घेतलं आहे, तिच्यावर रागावू नका. साउथहॅम्प्टन सेंट्रलहून बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीट. तिथे रेडिचला जाणारी लोकल पकडायची आणि ॲल्वचर्चला उतरायचं. मी स्टेशनवर असेन, गाडीच्या अर्धा तास आधीपासून. तिथून काठाकाठाने चालत यायचं. आईला सांगा, चपला नकोत, बूट घाला, वाट ओली असते. काकू पुरणपोळी करणार आहेत. गुडघाही दाखवणार आहेत, त्यातून तुमची सुटका नाही.

त्या दिवशी 'सुनीती' त्यांच्या ताब्यात जाईल. प्रत्येक बोटीसोबत आम्ही एक फाइल देतो. इंजिन, वायरिंग, पाणी, प्रत्येकाचं एक पान, आणि ते ज्याने केलं त्याचं नाव. टॉयलेटचं पान मी लिहिलं, कीथने वाचलं आणि एकही शब्द न बदलता सही केली. कालच त्याने पुढच्या बोटीचं कामही सांगितलं. या वेळी संडास आणि स्वयंपाकघर दोन्ही.

त्या पानाच्या तळाशी दोन ओळी आहेत. बसवणी, आर. एम. आवळे. मोजमाप आणि सल्ला, एम. व्ही. आवळे, स्टाफ नर्स. बोट तीस-चाळीस वर्षं टिकते. तेवढी वर्षं ते पान तिच्यात राहील. येऊन एकदा बघून जा. शुद्धलेखन तपासायचं असेल तर लाल पेन आणा.

चिठ्ठी आता पेटीच्या तळाशी नाही. माझ्या कामाच्या टेबलावर, कॅटलॉगच्या वर चिकटवली आहे. कुणी विचारलं की मी इंग्रजीत अर्थ सांगतो आणि कुणी लिहिली तेही सांगतो.

वाट पाहतो.

मिरजेच्या दवाखान्यात डबे वाहिलेल्या विष्णू आवळे यांचा नातू,
आणि स्टाफ नर्स मुरलीधर आवळे यांचा मुलगा,

रवी